तुम्ही विचारलंत म्हणून : विमान उभं असताना काउंटर बंद का?

"विमान तिथेच उभं होतं हो, तरी मला घेतलं नाही. का?"

मी चेक-इन काउंटरवर नोकरी केली आहे हे कळलं की माणसं मला हा प्रश्न विचारतात, आणि सूर असा की त्यांचं ते विमान मीच सोडलं. विमानतळ दुसरा, कंपनी दुसरी, वर्ष दुसरं; आरोपी मात्र मी. इतकी वर्षं हसून टाळलं. आता एकदा सगळं सांगते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं "ते वाचा" म्हणता येईल.

तिकिटावरची वेळ विमान उडण्याची नसते, जागेवरून हलण्याची असते. त्याआधी दारं लागतात. त्याच्याही आधी, बहुतेक ठिकाणी तिकिटावरच्या वेळेच्या 15 ते 25 मिनिटं आधी, गेट बंद होतं. दरम्यान वैमानिकाच्या हातात लोडशीट पडावी लागते. माणसं किती, सामान किती, पोटातल्या पुढच्या भागात किती आणि मागच्या भागात किती, हे त्यात असतं आणि त्यावरून तो विमानाचा तोल लावतो. हे सगळं उलटं मोजत आलात की सामान घेण्याची शेवटची वेळ निघते. कुठे ती 45 मिनिटं आधीची असते, बऱ्याच ठिकाणी 60, लांबच्या उड्डाणांना त्याहून जास्त. तुम्हाला ती वेळ उदार वाटते. मला कधीच वाटली नाही, कारण बेल्टवरून दिसेनाशी झाल्यावर बॅगेचं काय होतं ते मला ठाऊक होतं. एक्स-रे. चित्र स्पष्ट नसेल तर दुसऱ्या माणसाची नजर. तरी शंका राहिली तर बॅग बाजूला, आणि मालकाला बोलावणं. (पॉवर बँक पोटातल्या सामानात चालत नाही हे प्रत्येक फलकावर लिहिलेलं असतं. तरी ती सापडतेच.) मग वर्गवारी, मग ट्रॉली, मग ट्रॅक्टर. लहान विमानात माणसं वाकून, गुडघ्यांवर बसून एकेक बॅग रचतात. मोठ्या विमानात कंटेनर असतात, ते आधीच भरून बंद झालेले असतात.

"पण मी वेब चेक-इन केलं होतं." हो, तुम्ही केलं होतं. तुमच्या बॅगेने केलं नव्हतं.

आता खरं कारण. उशिरा आलेल्या माणसापेक्षा उशिरा आलेली बॅग जास्त अडचणीची असते. माणूस गेटवर आला नाही तर त्याची सीट रिकामी जाते, बस्स. पण त्याची बॅग विमानात चढली असेल आणि तो नसेल, तर ती शोधून उतरवावी लागते. ही पद्धत उगाच आलेली नाही. जून 1985 मध्ये व्हँकुव्हरच्या काउंटरवर एक प्रवासी आला. टोरांटोहून पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, नाव प्रतीक्षा यादीत होतं. तरी बॅग थेट दिल्लीपर्यंत लावून द्या, असा त्याचा हट्ट. काउंटरवरच्या मुलीने आधी नकार दिला. रांग लांब होती, तो हुज्जत घालत राहिला, शेवटी तिने टॅग लावला. बॅग गेली, तो गेलाच नाही. त्या बॅगेत बॉम्ब होता. 23 जूनला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. 329 माणसं गेली. त्या मुलीला दोष देण्याची माझी हिंमत नाही. तिच्या जागी रोज उभी राहिले आहे. पण समोरचा माणूस आवाज चढवू लागला आणि मागची रांग चुळबुळू लागली की मला ती आठवायची. प्रशिक्षणात सांगितलेलं बाकी बरंच विसरले, ही गोष्ट राहिली.

इथपर्यंत ऐकून लोक मान डोलावतात. मीही इथेच थांबायचे. पण तुम्ही विचारलंत म्हणून पुढचं सांगते.

एक वडील आणि त्यांची सतरा-अठरा वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची डिझाइनच्या प्रवेशाची प्रात्यक्षिक परीक्षा, दुसऱ्या शहरात. दोघांचं वेब चेक-इन झालेलं, बोर्डिंग पास फोनवर. मोठी बॅग एकच, आणि तीत तिची हत्यारं : कटर, कात्र्या, लांब स्टीलच्या पट्ट्या, गोंदाचे डबे. म्हणजे केबिनमध्ये नेताच येणार नाही असं सगळं. काउंटर 60 मिनिटं आधी बंद व्हायचा. ते माझ्यासमोर आले तेव्हा 51 उरली होती.

मी म्हटलं, बॅग जाणार नाही, तुम्ही दोघं जाऊ शकता. गेट अजून उघडं आहे.

वडिलांना ते आधी कळलंच नाही. त्यांनी बॅग उचलून काट्यावर ठेवली. 14 किलो. "वजन तर बसतंय," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी बॅग तिथेच जमिनीवर उघडली आणि केबिनमध्ये काय नेता येईल ते शोधू लागले. पेन्सिली, रंग, कागदांची गुंडाळी. मुलगी म्हणत होती, "बाबा, कटर नसेल तर मी करू काय तिथे?" मी घड्याळाकडे बघत होते. सुरक्षा तपासणीची रांग मला माझ्या जागेवरून दिसत होती, त्यांना दिसत नव्हती. बॅग टाकून जाता येत नाही. बेवारस बॅग म्हणजे वेगळाच गोंधळ. सामान ठेवण्याची खोली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी मीच म्हटलं, "एकाने बॅगेपाशी थांबा, एकाने जा. आत्ता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती कधी एकटी गेली नव्हती, हे सांगावं लागलं नाही. "जा," ते म्हणाले, "मी पुढच्या विमानाने हत्यारं घेऊन येतो." ती पळाली. त्यांच्या सांगण्यावरून मी त्यांना ऑफलोड केलं, म्हणजे त्या उड्डाणातून त्यांचं नाव काढलं. लगेच ती सीट स्टँडबायवरच्या एका तरुणाला गेली. वडील जवळच उभे होते; तो खुश होऊन बोर्डिंग पास घेताना त्यांनी पाहिला.

आणि मग पाटीवर 'विलंब' आलं. दारं लागल्यानंतर हवाई नियंत्रणाने निघण्याची वेळ पुढे ढकलली. विमान चाळीस मिनिटांहून जास्त जागेवर उभं राहिलं, मुलगी आत आणि वडील माझ्यासमोर. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मॅडम, विमान तर अजून इथेच आहे. बॅग तरी घ्या." बॅग तरी. म्हणजे मी नको, नुसती बॅग पाठवा. बरोबर तीच गोष्ट, जी जगातला कुठलाही काउंटर करणार नाही.

मी काय सांगितलं? उशीर होणार हे 51व्या मिनिटाला कोणालाच ठाऊक नव्हतं. लोडशीट बंद झाली. सीट गेली. दारं पुन्हा उघडली की सगळा हिशोब पुन्हा. प्रत्येक वाक्य खरं होतं, आजही खरं आहे. परीक्षेचं काय झालं ते मला माहीत नाही. पुढचं विमान रात्री उशिरा होतं, तेवढं माहीत आहे. ते मीच बघून दिलं.

ही गोष्ट मी सहसा सांगत नाही, कारण तिला शेपूट आहे. त्यानंतर फार दिवस गेले नव्हते. असाच बंद झालेला काउंटर, आणि सुपरवायझरच्या फोनवर कोणाचा तरी फोन. एक गृहस्थ आले, दोन बॅगा. वेळ उलटून गेलेली होती, त्या बापलेकींपेक्षाही जास्त. सुपरवायझरने स्वतःच्या पासवर्डने उड्डाण पुन्हा उघडलं, मी टॅग छापले, एक मुलगा बॅगा हाताने तपासणीला घेऊन गेला आणि तिथून थेट विमानाखाली. विमान वेळेत हललं. काहीही कोसळलं नाही.

मग मला सांगा, मी त्या वडिलांना जे सुनावलं ते काय होतं? त्या वेळची मी लगेच उत्तर देते : गृहस्थ स्वतः विमानात होते, बॅगांची तपासणी झाली, कनिष्कचा नियम कुठे मोडला नाही. बरोबर. पण मग ती बापलेकही विमानात बसायलाच आली होती. त्यांची बॅग नेणारा मुलगा त्या दिवशीही ड्युटीवर होताच. यावर ती जुनी मी म्हणते, एकासाठी नेता येते, रोज वीस जणांसाठी नाही, आणि वीसमधला एक निवडायचा कोणी? फोन करणाऱ्याने? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडेही नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. विमान कंपन्या उशिराची कारणं आकड्यांत नोंदवतात, जगभर तेच आकडे. 11 म्हणजे मुदतीनंतर आलेल्या प्रवाशाला घेतल्यामुळे झालेला उशीर, 12 म्हणजे चेक-इनला गर्दी झाल्यामुळे. 11 लागला की कोणी घेतलं त्याचं नाव विचारलं जायचं. 12 लागला की सगळे गर्दीकडे बोट दाखवायचे. तेव्हा काउंटर वेळेवर बंद करताना माझ्या डोक्यात फक्त 1985 असायचं असं म्हणणार नाही. 11 सुद्धा असायचा. आणि रांगेबद्दल मी एके काळी फार ताठ बोलायचे : रांग तुमची, वेळ तुम्ही सांभाळा. पाचपैकी दोन काउंटर उघडे असताना हे बोलायला तोंड लागतं. नियम मात्र तसाच आहे. तुम्ही रांगेत कधी लागलात ते धरत नाहीत, बॅग कधी घेतली ते धरतात. रांगेत असताना वेळ संपत आली तर गप्प उभे राहू नका, उड्डाणाचा क्रमांक मोठ्याने सांगत पुढे या. बहुतेक ठिकाणी आधी घेतात. लाजून मागे राहिलेली माणसं मी जास्त गमावली आहेत.

फार लवकर येणाऱ्यांनाही मी ओरडायचे, ते वेगळं. काउंटर उघडायच्या आधी ट्रॉलीवर डोकं टेकून बसलेली कुटुंबं. त्यांचं निदान विमान चुकलं नाही.

आता बऱ्याच विमानतळांवर बॅग टाकायला मशीन आहे. मुदत संपली की ते बॅग घेत नाही, हुज्जत ऐकत नाही, कोणाचं तोंड बघत नाही. माझ्याबरोबर काम केलेली एक मैत्रीण म्हणते, हेच न्याय्य आहे, मशीनला कोणाचा फोन येत नाही. मी तिला विचारलं, शेजारचा काउंटर काढला का त्यांनी? नाही काढला. तिथे माणूस बसतो, आणि सुपरवायझरचा पासवर्ड अजून चालतो.