तूर उगवली पण दळं कुठेत? (एकदल-द्विदल, आठवडा तिसरा)

मागे सांगितलं होतं ना की ज्वारी, मका, सरकी, तूर आणि कांद्याचं बी कपात लावलंय, त्याचा अपडेट देतो. बीत दळ (बीतलंच पहिलं पान) एक असेल तर एकदल, दोन असतील तर द्विदल, तेच बघायचंय. ज्वारी-मका सरळ, एकच कोंब वर आणि उपटून बघितलं तर मुळ्यांचा झुपका. सरकी पाचव्या दिवशी मान वाकडी करून वर आली आणि दोन जाड हिरवी दळं उघडली, एकाला काळं टरफल अजून चिकटलेलं, इतकं छान दिसत होतं की आईला हाक मारून दाखवलं.

तुरीने मात्र चकवलं. मी रोज वाट बघतोय दळं कधी वर येतात आणि आली ती डायरेक्ट पानंच. आई म्हणे काय करी ऱ्हायना रे तू, मी तोवर काडीने माती उकरत होतो, तर दोन्ही दळं खालीच, टरफलात बसलेली आणि मधून कोंब निघालेला! म्हणजे आपण जी डाळ शिजवतो तीच ही दळं, फक्त तुरीची जमिनीतच राहतात, हरभऱ्याचंही तसंच. आणि कांदा एकदल असून त्याचं एकुलतं दल वर येतं, हिरवा दोरा मधून दुमडल्यासारखं, टोकाला काळी बी लटकलेली. त्यामुळे नुसतं वर बघून ठरवू नका, खाली उकरून बघाच.

शिरांचंही तेच, एकदलाच्या पानात शिरा समांतर आणि द्विदलाच्या पानात जाळं असं शिकवतात, केळीचं पान वाऱ्याने शिरांच्या मधून सरळ फाटतं ते आपण रोज बघतो, पण अळू एकदल असूनही त्याच्या पानावर जाळं दिसतं.

रविवारी सातपुड्याच्या पायथ्याला बांधावरचं सीताफळाचं फूल उघडून बघितलं. जाडसर हिरवट पाकळ्या तीनच! तीनचा हिशोब म्हणजे एकदल असं आपण शिकलो, पण पानाला जाळं आहे आणि बीला दळं दोन. जॉन रे या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १७ व्या शतकात दळांवरून दोन गट पाडले त्यात हे द्विदलात बसायचं, १९९८ च्या डीएनएवरच्या वर्गीकरणात सीताफळ, सोनचाफा, नागवेल ही मंडळी एकदलातही नाहीत आणि कापूस-तुरीच्या खऱ्या द्विदलातही नाहीत, वेगळीच जुनी शाखा. मला हे फार आवडलं.

गेल्या दिवाळीची सीताफळाची एक बी अडकित्त्याने कापली, आत तपकिरी सुरकुत्या, गर्भ इतका बारीक की भिंगातूनही दळं नीट दिसेनात. म्हणून सहा बिया भिजवून कुंडीत लावल्यात, आज चौथा दिवस.