प्लॅन खालून वाचा, आणि मोशन कुठं आहे ते बघा

गेले दोन आठवडे एकाच क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाच्या मागं होतो. काम दूध संकलनाच्या डेटाचं आहे, क्लायंटचं नाव सांगत नाही, पण कोल्हापुरात राहणाऱ्याला हा डेटा समजावून सांगावा लागत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा सभासद संस्थेत दूध घालतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) लागतं आणि टेबलात एक रो, म्हणजे नोंदीची एक ओळ पडते. पाच लाख सभासद धरा, दिवसाला दहा लाख रो, दहा दिवसांच्या बिलाला एक कोटी. तीन वर्षांचा डेटा म्हणजे शंभर कोटीच्या वर गेलंच.

डेटाबेस ग्रीनप्लम. आत पोस्टग्रेस हा नेहमीचा डेटाबेसच आहे, फक्त डेटा एका मशीनवर न ठेवता अनेक सेगमेंटवर वाटलेला असतो, आमच्याकडं ४८ सेगमेंट आहेत. बिलाची क्वेरी संकलनाचं टेबल आणि सभासद टेबल एकमेकांना जोडते (जॉइन), ती १८ मिनिटं घेत होती. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, मशीन वाढवा.

मी आधी एक्सप्लेन अनालाइझ काढला, म्हणजे डेटाबेस क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवतो त्याचा प्लॅन. (नवीन पोरांसाठी सांगतो, अनालाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते, त्यामुळं डिलीट-अपडेटवर लावायचं असलं तर बिगिन करून शेवटी रोलबॅक करा, म्हणजे बदल रद्द होतो.) प्लॅन वरून वाचायला गेलं की पहिल्यांदा गॅदर मोशन दिसतं (मोशन म्हणजे सेगमेंटमधली डेटाची हलवाहलव), ४८:१, म्हणजे सगळ्या सेगमेंटचा निकाल एका ठिकाणी गोळा झाला. ते असणारच, त्यात बघण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट खाली सुरू होते, सगळ्यात आत सरकवलेल्या ओळीपासून, जिथं टेबल स्कॅन होतंय, आणि तिथून वर येताना प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारायचे: अंदाज किती रोचा होता आणि खऱ्या किती आल्या, आणि डेटा जागेवरून हलला का.

पहिल्याच प्रश्नावर सापडलं. सभासद टेबलचा अंदाज ४००, खऱ्या रो पाच लाख! टेस्टिंगच्या वेळी ४०० रो टाकल्या होत्या, स्टॅटिस्टिक्स, म्हणजे टेबलात काय किती आहे त्याचे आकडे, तेव्हाचे, नंतर सगळा डेटा लोड झाला पण अनालाइझ (हे आकडे ताजे करणारी वेगळी कमांड, वरचा एक्सप्लेन अनालाइझ नव्हे) कुणी चालवलाच नाही. प्लॅनर (डेटाबेसमधला प्लॅन ठरवणारा भाग) बिचारा ४०० धरून बसला आणि म्हणाला, एवढंसं टेबल आहे, सगळ्या सेगमेंटला एकेक कॉपी देऊन टाकू. त्यालाच ब्रॉडकास्ट मोशन म्हणतात. आता हिशोब करा, पाच लाख गुणिले ४८, दोन कोटी चाळीस लाख रो नेटवर्कवरून पळाल्या, आणि प्रत्येक सेगमेंटनं पाच लाखांचं हॅश टेबल (जुळणाऱ्या रो पटकन शोधायचा तक्ता) आपल्या मेमरीत बांधलं, मेमरी पुरली नाही म्हणून डिस्कवर सांडलं. त्यापेक्षा दोन्ही बाजू सभासदाप्रमाणं नव्यानं वाटून घेतल्या असत्या, म्हणजे रीडिस्ट्रिब्यूट मोशन, तर एक कोटी पाच लाखच हलल्या असत्या. अनालाइझ चालवला, प्लॅन बदलला, वेळ ११ मिनिटांवर आली.

इथं बरेच लोक थांबतात. मला ११ मिनिटं पटेनात, कारण स्कॅनलाच वेळ जात होता आणि तिथं तर मोशन नाही.

मग गावाकडं काकांशी झालेलं बोलणं आठवलं. काका करवीर तालुक्यात दूध संस्थेचे सेक्रेटरी आहेत, एकदा सकाळी त्यांच्याकडं गेलो तर गाडी लांबली होती. मी विचारलं, "काका, गाडी अजून का नाही आली?" तर म्हणाले, "अरं एका संस्थेचं दूध मागं राहिलं की गाडी तिथंच थांबतीया, मग बाकीच्यांनी कितीबी पळापळ करूंदे." हीच गोष्ट डेटाबेसची आहे, क्वेरी सगळ्यात मागं राहिलेल्या सेगमेंटच्या वेगानं चालते. ॲव्हरेज बघून काही कळत नाही, मॅक्स बघायचा, आणि प्लॅनमध्ये त्याच्यापुढं सेगमेंटचा नंबरही येतो.

प्रत्येक सेगमेंटवर किती रो आहेत ते मोजलं, जीपी_सेगमेंट_आयडी नावाचा लपलेला कॉलम असतो त्याच्यावर ग्रुप बाय, बास. ३७ सेगमेंट रिकामे. संकलनाचं टेबल वाटलं होतं तालुका कोडवर. आपल्या जिल्ह्यात तालुके बारा, म्हणजे बाराच्या वर सेगमेंट भरणारच नाहीत, त्यात हॅश होताना, म्हणजे कोडवरून सेगमेंट ठरताना, करवीर आणि आणखी एक तालुका एकाच सेगमेंटवर बसले होते. रिपोर्ट तालुकावार निघतात म्हणून कुणीतरी तालुका निवडला असणार, विचार समजतो, पण वाटणीसाठी असा कॉलम लागतो ज्यात भरपूर वेगवेगळ्या व्हॅल्यू आहेत आणि ज्याच्यावर जॉइन होतो.

तो म्हणजे सभासद कोड, पण एकटा नाही. सभासद नंबर प्रत्येक संस्थेत एकपासून सुरू होतो, १७ नंबरचा सभासद हजारो संस्थांत आहे. म्हणून संस्था कोड आणि सभासद कोड, दोन्ही मिळून, आणि दोन्ही टेबलं याच जोडीवर वाटायची. मग त्या सभासदाची माहिती आणि त्याचं दूध एकाच सेगमेंटवर राहतं आणि जॉइन जागच्या जागी होतो. रेडशिफ्टवाल्यांना (ॲमेझॉनचा असाच वाटलेला डेटाबेस) प्लॅनमध्ये डीएस_डिस्ट_नन, म्हणजे काही हलवायला लागलं नाही, असं दिसलं की जो आनंद होतो तो हाच.

टेबलं नव्यानं बांधली, प्लॅन काढला, आणि रीडिस्ट्रिब्यूट तसंच! अर्धा दिवस गेला. एका टेबलात संस्था कोड इंटिजर, दुसऱ्यात टेक्स्ट, कारण कुणालातरी "००४२" मधले पुढचे शून्य जपायचे होते. क्वेरीत कास्ट, म्हणजे एक टाइप बदलून दुसरा करणं, होता, आणि कास्ट केलेल्या व्हॅल्यूवर टेबल वाटलेलंच नाही, मग प्लॅनरला डेटा हलवावाच लागणार. टाइप एक केला, शून्य दाखवायचं काम रिपोर्टवर सोपवलं.

काल संध्याकाळी परत चालवली. ४० सेकंद. अख्ख्या प्लॅनमध्ये एकच मोशन राहिलंय, वरचं गॅदर, ४८:१. प्लॅन टीमच्या ग्रुपवर टाकला आणि गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला गेलो.