डॉक्टर येईपर्यंत

रविवार, रात्री

परवा मुलाखत. बेळगावातलं मोठं हॉस्पिटल, स्टाफ नर्सच्या जागा. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन मला तीन वर्षं झाली, तिन्ही एकाच वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये गेली. तिथं मुलाखत अशी झालीच नव्हती. "सोमवारपासून ये" म्हणाले, गेले.

म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून वही भरली होती. पेशंट गोळी घ्यायला तयार नाही, काय कराल? नातेवाईक अंगावर धावून आले तर? सोबतची सिस्टर चुकीचं औषध देताना दिसली तर? प्रत्येक प्रश्नाखाली इंग्रजीत चार-पाच ओळी, घोकून पाठ. मावशीकडे शहापूरला उतरलेय. ती सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाली. भाकरी थापता थापता म्हणाली, "काय पाठ करूलालीस एवढं? वही ठेव बाजूला. मी विचारते."

"रक्त चढवतेस. पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखतेय म्हणतो. काय करशील?"

"डॉक्टरांना कळवीन."

"डॉक्टर ऑपरेशन थिएटरात आहेत."

"दुसऱ्या डॉक्टरांना."

"ते गाडीवर, पावसात अडकलेत. तिसरे गोव्याला. सांग की."

मी गप्प. मावशीनं भाकरी उलटली. "अगं, आधी बाटली बंद कर!"

(बाटली म्हणजे पिशवीच. तिच्या सुरुवातीच्या काळात रक्त काचेच्या बाटलीतून यायचं, तोंडात तोच शब्द बसलाय.)

एवढं साधं. मला येत नव्हतं असं नाही. रक्त थांबवायचं, सेट बदलून नॉर्मल सलाइन सुरू ठेवायचं म्हणजे शीर हातची जात नाही, बीपी-नाडी-ताप बघायचा, पिशवीवरचं नाव आणि नंबर पुन्हा पेशंटशी ताडून बघायचा, पिशवी कचऱ्यात न टाकता सेटसकट ब्लड बँकेला पाठवायची. हे सगळं मला झोपेत विचारलं तरी येतं. पण "काय कराल" म्हटलं की तोंडातून पहिलं "डॉक्टरांना कळवीन" येतं. वही उघडून मोजलं. बावीस उत्तरांपैकी सतरा त्याच वाक्यानं सुरू होत होती.

मावशी म्हणाली, "डॉक्टर येईपर्यंत तू काय करतेस, तेवढंच त्यांना ऐकायचंय. आधी हात, मग तोंड, मग पेन."

मी विचारलं, डॉक्टरांनीच चार्टवर डोस चुकीचा लिहिला असेल तर हातानं काय करायचं? म्हणाली, "हात आवरायचा. तेही हाताचंच काम की."

व्हिडिओतली ती 'स्टार' पद्धत (परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम) तिला अजिबात पटली नाही. मला मात्र ती वाईट वाटत नाही. खरं घडलेलं सांगताना मी फार भरकटते, चौकट असली की बरं पडतं. पण "असं झालं तर" या प्रश्नाला परिणाम कुठून आणायचा? व्हिडिओतल्या मुली म्हणतात, "आणि पेशंट बरा होऊन घरी गेला." कुठला पेशंट?

मंगळवार, रात्री

पाऊस सकाळपासून. बसमध्ये आधार दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेतलं (कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे). ते घडी करून पर्समध्ये ठेवायची सवय मला अजून आहे, का कोण जाणे. बसच्या पाटीवरचं कन्नड वाचत वाचत पोचले. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीचं कन्नड खरं पक्कं होतं ते या पाट्यांवर आणि वॉर्डात.

समोर तिघं. नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडम, एक डॉक्टर, एक एचआरचे सर. सगळं इंग्रजीत.

पहिले दोन प्रश्न बरे गेले. चार नंबरच्या पेशंटला छातीत दुखून घाम फुटलाय, त्याच वेळी नऊ नंबरचे नातेवाईक सलाइन संपलं म्हणून ओरडतायत. चार नंबर, यात विचार करण्यासारखं काही नाही. पण जाता जाता नऊ नंबरला एक वाक्य बोलून जाईन, सलाइनची चिमटी बंद करा म्हणून, हेही सांगितलं. मॅडमनी मान हलवली. मग रात्री फोनवरून डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं तर? औषध, डोस, मार्ग त्यांना उलट वाचून दाखवीन, दुसऱ्या सिस्टरला ऐकायला लावीन, वेळ घालून लिहीन, सकाळी सही घेईन. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "आणि पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत द्या म्हणाले तर?" देणार नाही म्हटलं. पातळ करून, सावकाश, ड्रिपमधूनच. सर पहिल्यांदा हसले.

तिसरा प्रश्न मॅडमचा. "तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा."

वहीत यासाठी एक गुळगुळीत चूक लिहून ठेवली होती. चार्ट लिहायला उशीर झाला वगैरे. ती तोंडाशी आली आणि लाज वाटली. मी खरी सांगायला घेतली. दोन वाक्यांत इंग्रजी संपलं.

मग मी विचारलं, "कन्नडमध्ये सांगितलं तर चालेल का?" मराठीत का नाही, हे मलाही बसमध्ये परत येताना सुचलं. ती रात्र कन्नडमध्येच घडली होती. (काका दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीला जातात. त्यांना हे सांगणार नाही.)

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. म्हातारे आजोबा, साखर २६८, जेवणाआधी साधं इन्सुलिन १२ युनिट. आमच्याकडची कुपी नेहमी ४० युनिटवाली (एका मिलीत ४० युनिट), सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपीची. त्या दिवशी मुलानं बाहेरच्या दुकानातून कुपी आणली होती ती १०० ची. मी सवयीनं लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत भरलं आणि दिलं. सिरिंज डब्यात टाकताना कुपीकडे लक्ष गेलं. बाराच्या खुणेवर तीस युनिट गेले होते. अडीच पट.

डॉक्टर घरी, यायला चाळीस मिनिटं. त्यांना फोन केला, पण त्याआधी हाक मारून आजोबांचं ताट मागवलं आणि समोर बसून जेवायला लावलं. हाताच्या शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध द्यायची बारीक नळी, घातली. २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी) उशाशी आणून ठेवलं. साखर बघितली, पंधरा मिनिटांनी पुन्हा. डॉक्टरांनी येऊन ड्रिप सुरू केली, तरी साडेदहाला साखर ६४ झाली. आजोबा शुद्धीवर होते, म्हणून तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिलं. पंधरा मिनिटांनी ८१. मग पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाला बोटं टोचली. दोन वाजता ते मला म्हणाले, "ऊट आतेन, तंगी?" जेवलीस का, बाई. मी जेवले नव्हते.

मॅडम कन्नडमध्येच बोलल्या. "रजिस्टरमध्ये लिहिलंस?" होय. "त्यांना सांगितलंस, काय झालं ते?"

नाही. बोटं एवढी का टोचतेस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "साखर वरखाली होतेय" म्हणाले. मुलालाही तेच. कुणी सांगू नको म्हटलं नव्हतं, मलाच तोंड उघडलं नाही.

हेही तसंच सांगितलं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "कळवू" म्हणाल्या. तो कन्नड शब्द इंग्रजीइतकाच कोरडा असतो.

मावशीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पोळपाट पुसत राहिली. मग म्हणाली, "हात झाला, पेन झालं. तोंड अर्धंच झालं."

गुरुवार, नाइट ड्यूटीवर

अजून फोन नाही.

इथल्या ट्रेमध्ये लाल आणि केशरी टोप्यांच्या सिरिंज अजून एकत्रच होत्या. आठ महिने रोज हात घालत होते त्यात, हे कसं सुचलं नाही? आज मिठाईचे दोन रिकामे डबे घेतले, कुंद्याचेच, कडेला अजून तुपाचा वास आहे. एकात लाल, एकात केशरी. चिकटपट्टीवर ४० आणि १०० असे आकडे मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत लिहिले. नव्या आलेल्या सिस्टरनं विचारलं, कशाला गं एवढं? तिला त्या रात्रीचं सांगायला बसले, तेवढ्यात सहा नंबरची घंटी वाजली.