दोनशे एकावी नोंद

फेब्रुवारीच्या मध्यावर नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची काढणी ऐन भरात असते आणि निर्यातदाराला त्या दिवसांत अर्ध्या दिवसाचा खोळंबाही परवडत नाही. काढणीला आलेला माल वेलीवर फार काळ थांबवता येत नाही, कंटेनर ठरलेल्या जहाजाच्या वेळेत न्हावाशेवा बंदरावर पोहोचवावा लागतो, आणि प्रयोगशाळेचा कीडनाशक अवशेषांचा अहवाल आल्याशिवाय निर्यातीच्या घडाला कात्री लावता येत नाही. युरोपला जाणाऱ्या मालाचा प्रत्येक प्लॉट नोंदणीकृत असतो, अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत त्याचा माग राहतो आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती; तो हंगाम इथले बागायतदार अजून विसरलेले नाहीत. म्हणूनच या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या प्लॉटची स्थिती चुकीची दिसणे ही गोष्ट मी कधीच किरकोळ मानत नाही.

आमची छोटी कंपनी गंगापूर रोडवर आहे आणि आम्ही सेल्सफोर्स या ऑनलाइन सॉफ्टवेअर मंचावर व्यावसायिक प्रणाली बांधण्याचे व सांभाळण्याचे काम करतो. पिंपळगाव बसवंत परिसरातील एका निर्यातदाराची प्रणाली मूळ दुसऱ्याच कंत्राटदाराने बांधलेली होती आणि तिची देखभाल नंतर आमच्याकडे आली. तिची रचना सरळ आहे. नमुना प्रयोगशाळेत गेला की त्याची नोंद होते, निकालांची फाईल आली की खरेदी विभाग ती एका पानावरून चढवतो, नमुन्याच्या नोंदीवरचा ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) निकाल वाचून संबंधित प्लॉट ‘मंजूर’ किंवा ‘अडवलेला’ करतो, आणि मंजूर प्लॉटचाच काढणी आदेश निघतो.

त्या सोमवारी सकाळी त्यांच्या फील्ड ऑफिसरचा फोन आला. ‘‘मॅडम, रिपोर्ट पास आलाय, स्क्रीनवर निकालही दिसतोय, पण प्लॉट अजून प्रलंबितच आहे. मजूर बागेत येऊन बसलेत.’’ एकाच प्लॉटची तक्रार असती तर मी नोंदीतली काही चूक शोधली असती. परंतु पाठोपाठ दिंडोरी आणि निफाड भागातूनही तशाच तक्रारी आल्या. कोठेही त्रुटीचा संदेश नव्हता. फाईल चढवणाऱ्या पानावर ‘340 नोंदी यशस्वी’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले होते आणि तपासले तेव्हा 340 नमुन्यांवर निकाल खरोखरच नोंदले गेलेले होते.

मी प्लॉटची यादी काढली आणि फाईलमधील ओळींच्या क्रमाने लावली. पहिल्या 200 ओळींचे प्लॉट बरोबर बदललेले होते. 201व्या ओळीपासून शेवटपर्यंत एकही बदललेला नव्हता.

सेल्सफोर्सवर काम करणाऱ्याला 200 हा आकडा फार ओळखीचा असतो. या मंचावर अनेक ग्राहक कंपन्या एकाच सामाईक यंत्रणेवर काम करतात आणि एकाच्या कोडने सर्वांची गती अडवू नये म्हणून प्रत्येक व्यवहाराला, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या किंवा पूर्णपणे मागे फिरणाऱ्या कामाला, मर्यादा घातलेल्या असतात: तात्काळ चालणाऱ्या व्यवहारात माहिती वाचणाऱ्या 100 क्वेरी, माहिती बदलणारे 150 डीएमएल आदेश, प्रोसेसरचा 10 सेकंद वेळ. याच शिस्तीचा भाग म्हणून, कोडमधून 200 पेक्षा जास्त नोंदींचा अपडेट एकाच आदेशात दिला तरी ट्रिगरकडे त्या 200-200 च्या तुकड्यांनी येतात. 340 नोंदी म्हणजे 200 चा एक तुकडा आणि 140 चा दुसरा. हे दोन्ही तुकडे एकाच व्यवहारात चालतात, आणि व्यवहार एकच असल्यामुळे स्टॅटिक व्हेरिएबलची (व्यवहार संपेपर्यंत कोडच्या स्मृतीत टिकणाऱ्या साठवणीची) किंमत पहिल्या तुकड्याकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी जाते.

डीबग लॉग (कोड कसा चालला याची ओळीओळीने नोंद) 20 एमबीच्या पुढे कापला जातो, म्हणून लॉगची पातळी उतरवून मी सँडबॉक्समध्ये, म्हणजे प्रणालीच्या चाचणीसाठीच्या प्रतीत, तीच फाईल पुन्हा चढवली. लॉगमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी एकदा असा ट्रिगर दोनदा सुरू झालेला दिसत होता. पहिल्या वेळी त्याखाली क्वेरी, प्लॉटचा अपडेट, प्लॉटचा स्वतःचा ट्रिगर अशी शेकडो ओळींची उतरंड होती. दुसऱ्या वेळी ‘सुरू’ आणि ‘समाप्त’ या दोन ओळींच्या मध्ये जवळजवळ काहीच नव्हते. ट्रिगर उघडला तेव्हा कारण पहिल्याच दोन ओळींत सापडले. ‘आधी चालले’ अशा अर्थाचा एक स्टॅटिक बूलियन (फक्त खरे किंवा खोटे ठेवणारा व्हेरिएबल) तिथे होता. तो खरा असेल तर परत फिरायचे, नसेल तर तो खरा करून पुढे जायचे, आणि पुढे तो कोठेही खोटा केला जात नव्हता.

हा रक्षक, म्हणजे ट्रिगरला दुसऱ्यांदा चालू न देणारी ही तपासणी, कोणी निष्कारण लिहिला होता, असे मी म्हणणार नाही. नमुन्याचा ट्रिगर प्लॉट बदलतो, प्लॉटचा ट्रिगर त्याची नवी स्थिती पुन्हा नमुन्यावर लिहितो, त्यामुळे नमुन्याचा ट्रिगर परत जागा होतो, आणि हे चक्र 16 पातळ्यांपर्यंत खोल गेले की मंच व्यवहारच रद्द करतो. ते थांबवण्यासाठी स्टॅटिक बूलियन वापरण्याची युक्ती विकसकांमध्ये वर्षानुवर्षे हातोहात चालत आलेली आहे. 200 पर्यंतच्या नोंदींना, कोणत्याही ओळीत त्रुटी नसेल तर, ती चोख चालते, आणि त्या निर्यातदाराच्या रोजच्या फाईली 200 च्या आतच असत. शनिवार-रविवारचे निकाल त्या सोमवारी एकत्र आले, तेव्हा ती मर्यादा पहिल्यांदा ओलांडली गेली.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. प्रलंबित राहिलेल्या प्लॉटचे नुकसान खोळंब्यापुरते होते. परंतु ही कंपनी काढणीच्या तोंडावर खबरदारी म्हणून काही प्लॉटचा दुसरा नमुना पाठवते, आणि अशा प्लॉटची स्थिती पहिल्या अहवालामुळे आधीच ‘मंजूर’ असते. न चाललेल्या 140 ओळींमध्ये दुसऱ्या नमुन्यात नापास झालेला प्लॉट असेल, तर तो पडद्यावर मंजूरच दिसत राहणार होता. शोधले तेव्हा तसा एक प्लॉट निघाला. मी ताबडतोब खरेदी प्रमुखांना फोन करून तो हाताने अडवायला सांगितले. ‘‘मॅडम, त्याची गाडी दुपारची आहे, आत्ताच थांबवतो,’’ एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर शेवटच्या 140 ओळींची वेगळी फाईल करून ती चढवली. नव्या व्यवहारात बूलियन पुन्हा खोटा असल्यामुळे सर्व प्लॉट जागेवर आले आणि निदानाची खात्रीही पटली.

दुपारी कायमच्या दुरुस्तीला बसलो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्याने सुचवले की बूलियनऐवजी हाताळलेल्या नोंदींच्या आयडींचा संच ठेवावा, म्हणजे दुसऱ्या तुकड्यातील नोंदी अडणार नाहीत. ही सुधारणा पुष्कळ ठिकाणी केली जाते आणि 201 व्या नोंदीचा प्रश्न तिने सुटतोही. तरीही मी ती स्वीकारली नाही, आणि का स्वीकारली नाही हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

फाईल चढवणारे ते पान अंशतः जतन करण्याच्या पद्धतीने लिहिलेले आहे, म्हणजे एखादी ओळ चुकीची असली तरी बाकीच्या जतन व्हाव्यात. अशा वेळी ट्रिगरमध्ये एखाद्या नोंदीवर त्रुटी आली की मंच पहिला प्रयत्न मागे घेतो आणि निर्दोष नोंदी घेऊन ट्रिगर पुन्हा चालवतो. डेटाबेसमधील बदल मागे फिरतात. स्टॅटिक व्हेरिएबल मात्र मागे फिरत नाही. परिणामी दुसऱ्या प्रयत्नात संच म्हणतो की या नोंदी हाताळून झाल्या, आणि प्रत्यक्षात ते काम पुसले गेलेले असते. नोंद कुलूपबंद असलेल्या एका प्लॉटमुळे त्याच तुकड्यातील उरलेले सगळे प्लॉट गुपचूप राहून जातील. मी सँडबॉक्समध्ये अशी एक चुकीची ओळ मुद्दाम घालून संचाचा कोड चालवून दाखवला, तेव्हा सहकारी बराच वेळ लॉगकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे काय झालं हे लक्षात ठेवण्यापेक्षा, काय बदललं हे विचारायला हवं.’’ माझेही म्हणणे तेच होते.

आम्ही रक्षक काढूनच टाकला. नमुन्याच्या ट्रिगरमध्ये जुन्या आणि नव्या नोंदीतील निकालाची तुलना केली आणि निकाल बदलला असेल तेवढेच नमुने पुढे घेतले. त्यांचे प्लॉट एकाच क्वेरीने आणले, प्रत्येकाची अपेक्षित स्थिती काढली, आणि ती सध्याच्या स्थितीपेक्षा वेगळी असेल तेवढेच प्लॉट एकत्र अपडेट केले. प्लॉटचा ट्रिगर नमुन्यावर स्थिती लिहितो तेव्हा निकाल बदललेला नसतो, त्यामुळे चक्र आपोआप थांबते. प्रयत्न मागे घेतला गेला तर जुनी किंमतही मागे गेलेली असते, त्यामुळे पुढच्या प्रयत्नात बदल पुन्हा दिसतो.

दुसरी तुलना, म्हणजे प्लॉटच्या सध्याच्या स्थितीशी केलेली, अनेकांना अनावश्यक वाटते. ती अनावश्यक नाही. वर्कफ्लो नियमाने (कोड न लिहिता बसवलेल्या, आपोआप चालणाऱ्या नियमाने) नोंदीतील एखादे क्षेत्र, म्हणजे फील्ड, बदलले की ट्रिगर पुन्हा एकदा चालतो आणि त्या वेळी त्याला मिळणारी जुनी नोंद ही वर्कफ्लोच्या लगेच आधीची नसून मूळ अपडेटच्या आधीची असते. एकट्या पहिल्या तुलनेला तोच बदल दोनदा दिसतो. दुसऱ्या तुलनेमुळे दुसऱ्या वेळी करण्यासारखे काही उरत नाही. जुन्या प्रणालींमध्ये असे वर्कफ्लो नियम अजून पुष्कळ आहेत.

तुलनेचा भाग आम्ही एका छोट्या क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र घटकात, वेगळा काढला. नव्या नोंदी, जुन्या नोंदींचा मॅप आणि क्षेत्रे दिली की तो बदललेल्या नोंदी परत देतो. क्षेत्रांची नावे मजकूर म्हणून न देता मंचाने दिलेले क्षेत्राचे टोकन (क्षेत्राचा थेट संदर्भ) घेतो, जेणेकरून उद्या कोणी ते क्षेत्र काढू लागला तर मंचच त्याला अडवेल. या क्लासमध्ये एकही क्वेरी नाही, एकही स्टॅटिक किंमत नाही आणि द्राक्षांविषयी एक अक्षरही नाही, म्हणून तो कोणत्याही ग्राहकाच्या प्रणालीत उचलून नेता येतो.

त्याच्याबरोबर त्याची टेस्टही जाते, आणि माझ्या मते मोल तिचेच अधिक आहे. जुन्या टेस्टने प्रॉडक्शनसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील प्रणालीसाठी, लागणारी 75 टक्के कव्हरेजची (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याची) अट पूर्ण केली होती, कारण एक नमुना बदलला तरी कोडच्या जवळपास सर्व ओळी चालून जातात. मोठ्या संख्येची टेस्ट म्हणून बहुतेक जण 200 नोंदी घेतात; हा दोष 200 नोंदींनीही उघडा पडत नाही. आमची टेस्ट 201 नोंदींची आहे आणि तिचा शेवटचा दावा शेवटच्या नोंदीवरच केलेला आहे. दुसरी टेस्ट एक नोंद मुद्दाम सदोष ठेवून अंशतः जतनाचा मार्ग तपासते. दोन्ही टेस्ट आधी जुन्या कोडवर चालवून त्या नापास होतात हे पाहिले आणि मगच नवा कोड घातला. संध्याकाळी पॅकहाऊसचे काम मंदावल्यावर तो प्रॉडक्शनवर गेला.

त्यानंतर संपूर्ण प्रणालीत स्टॅटिक बूलियन शोधले. तोच रक्षक नाव बदलून आणखी सहा ठिकाणी उतरवलेला होता. पाच ठिकाणी नवा क्लास बसला. सहाव्या ठिकाणी अडचण आली: कंटेनर भरून झाला की परदेशी खरेदीदाराला ईमेल जातो आणि तिथे ‘ईमेल गेला की नाही’ हे सांगणारे, तुलना करण्यासारखे क्षेत्रच नव्हते, त्यामुळे रक्षक काढला तर तोच ईमेल दोनदा जाण्याची शक्यता होती. तिथे कंटेनरच्या नोंदीवर ‘कळवल्याची वेळ’ असे नवे क्षेत्र घेतले. ते रिकामे असेल तरच ईमेल पाठवायचा आणि त्याच व्यवहारात ते भरायचे. व्यवहार मागे फिरला तर क्षेत्र पुन्हा रिकामे होते आणि रांगेतला ईमेलही बाहेर पडत नाही. निर्यात विभागाने ते क्षेत्र पाहिल्यावर आपल्या यादीच्या पानावर मागून घेतले, कारण खरेदीदाराला केव्हा कळवले हे तोपर्यंत त्यांना ईमेलच्या पेटीत जाऊन शोधावे लागत होते.