किक सापडला!
आज साउंडचेकला किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पोकळच वाजत होता. सब (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) दणकट, टॉप्स (वरच्या सुरांचे स्पीकर) स्वच्छ, पण १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे दोघं एकत्र वाजतात, तिथला ठोकाच गायब. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर नेला तर नुसती घुमघुम वाढली. १०० हर्ट्झला दोघांच्या आवाजात ५ मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या लाटेचा, फरक पडला की दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. (नुसतं टेपने स्पीकरांचं अंतर मोजून भागत नाही, सब आणि टॉप्समध्ये आवाज वाटून देणारे क्रॉसओव्हरचे फिल्टरही फेज, म्हणजे लाटेची चढ-उताराची स्थिती, फिरवतात.) मग सबची पोलॅरिटी उलटी केली (लाटेचा चढ तिथे उतार), तिथला आवाज सगळ्यात कमी होईपर्यंत डिले (आवाज उशिरा सोडायची वेळ) सरकवला आणि पोलॅरिटी पुन्हा सरळ केली: उलटं असताना सगळ्यात जास्त खाल्लं, म्हणजे सरळ केल्यावर सगळ्यात जास्त जुळतं. किक थेट छातीत! मागच्या रांगेत मात्र अंतरांचं गणित बदलतं, जुळलेलं थोडं सुटतंच. ते मला अजून खुपतंय.