सेटल स्थानक, ४ मिमी प्रमाणात: चढावरचा फलाट

सेटल स्थानकाच्या छोट्या प्रतिकृतीचे रूळ बसले, आता इमारत आणि फलाट. इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं सेटल हे मिडलंड रेल्वे या जुन्या कंपनीच्या सेटल–कार्लाइल मार्गावरचं स्थानक, १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झालेलं. माप म्हणजे खऱ्या १ फुटाला प्रतिकृतीत ४ मिमी.

खरी कटकट चढाची. सेटल जंक्शनपासून उत्तरेकडे १:१०० चा चढ लागतो आणि स्थानक त्यावरच आहे. १२०० मिमीच्या बेसबोर्डवर (मांडणीच्या पायाच्या फळीवर) रूळ १२ मिमी चढतात, फलाटही त्यांच्यासोबत. इमारत मात्र ओळंब्यातच हवी. दर १०० मिमीला पडणारा १ मिमीचा फरक जोत्यात जिरवायचा: भिंती तळाशी ४ मिमी जास्त ठेवा, इमारत पाणसळीत धरून फलाटाची रेघ जोत्यावर आखा, मग कापा. तशीच चिकटवली तर सगळे गेबल (छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंती) एकदम कलतात आणि धुराडी चुगली करतात. सुटे डबेही घरंगळतात. त्यावर उपाय म्हणजे ब्रशचा एक नायलॉन केस स्लीपरांमधून वर काढून आसाला जेमतेम टेकवणं. डबा थांबतो, इंजिनाला ओढताना जाणवतही नाही.

भिंती १.५ मिमी स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या पत्र्याच्या). पॉलिश पेपरने खरवडून पीव्हीए गोंदाचा हात, वर हवेत वाळणाऱ्या क्लेचा १ मिमी थर. दगडांचे सांधे क्ले पूर्ण वाळल्यावरच कोरा, ओल्यात कडा फाटतात. हेअर ड्रायर लावू नका. वरची साय आधी आकसते आणि तडे जातात. आतून दर ४० मिमीला आडवी पट्टी नसेल तर भिंत क्लेच्या बाजूला वाकतेच.

गेबलच्या नक्षीदार फळ्या ०.५ मिमी स्टायरीनच्या, तीन एकावर एक टेपने चिकटवून एकत्रच कापलेल्या. वळणदार कडा आधी ड्रिलने, सरळ कडा नंतर. क्रम उलटला की टोकं तुटतात.

पूल आणि सिग्नल केबिन करण्याआधी काळ ठरवा. आजचा पादचारी पूल स्कॉटलंडमधल्या ड्रेमहून १९९३ मध्ये आला. १८९१ ची केबिन १९८४ मध्ये बंद झाली आणि १९९७ मध्ये तिथून साधारण १५० मीटर हलवून फलाटालगत आणली. वाफेच्या काळातल्या मांडणीत हे दोन्ही फलाटापाशी दिसले, तर जाणकार आधी तेच दाखवणार. इथे १९५० चं दशक धरलंय, म्हणून पूल नाही, केबिन तिच्या जुन्या जागी.

मिडलंडचं तिरप्या पट्ट्यांचं कुंपण ३०० मिमी झालं. पट्ट्या १ मिमीच्या, अंतर राखायला मध्ये तेवढीच सुटी पट्टी. सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारं द्रव) अगदी थेंबभर. जास्त झालं की सुटी पट्टीही कुंपणातच राहते.