बाहेरचं

जेवणानंतरची डुलकी सोडून परवा मी 'द एलियन्स आर कमिंग' बघत बसलो. १९८० सालचा, एनबीसी या अमेरिकन वाहिनीचा. दिसायला सिनेमा, पण मुळात एका मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग. मालिका कुणी घेतलीच नाही. परग्रहावरचे जीव उतरतात आणि साध्यासुध्या माणसांच्या अंगात शिरतात, एवढंच. आमच्या आजीला दाखवलं असतं तर म्हणाली असती, "बाहेरचं दिसतंय. लिंबू उतरवून तिठ्यावर टाका." पाचव्या मिनिटाला खेळ खलास.

गंमत म्हणजे तीनच वर्षांनी त्याच एनबीसीवर 'व्ही' आलं आणि धो धो चाललं. तिथे माणसाच्या कातडीखाली सरडे होते. सरडे दिसतात, त्याला आपला इलाज नाही.

पायलट बनवणारी कंपनी क्विन मार्टिनची. त्यांनीच १९६७-६८ मध्ये 'द इन्व्हेडर्स' काढली होती, त्रेचाळीस भाग. मग तीही लावली. तिच्यात परग्रहवासी हुबेहूब माणसांसारखे, फक्त बऱ्याच जणांची करंगळी वाकत नाही. नायक डेव्हिड व्हिन्सेंट बिचारा सांगून सांगून थकतो आणि समोरचा त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघतो.

करंगळी ताठ! आमच्या वर्गात असा कुणी बसला असता तर बाईंनी वर न बघताच "जा, लवकर ये" म्हटलं असतं. पृथ्वी जिंकायला आलेला प्राणी दिवसभर शाळेच्या मुतारीपाशी.

हसता हसता आजोबा आठवले. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकत नसे. बशीतला चहा फुंकताना ती काडीसारखी बाहेर यायची. आम्ही नातवंडं लोंबकळून ती वाकवायला बघायचो. ते पेपर वाचत राहायचे, हात आमच्याकडे सोडून. गार, खरखरीत बोट होतं, नखावर एक उभी रेघ.

कशानं झालं होतं तसं? रहाटात सापडलं होतं का? संध्याकाळी आत्याला फोन लावला.

"अण्णांची करंगळी? छे रे, काहीतरीच. त्यांचे हात शेवटपर्यंत धडधाकट होते."

"अगं, उजवी. बशी धरताना..."

आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तू जेवलास का वेळेवर?"